फेरो रॉडच्या ठिणग्या पडतात पण आग लागत नाही? निवडीपासून ज्योत टिकवण्यापर्यंत सगळं क्रमाने

फेरो रॉड, म्हणजे घासून ठिणग्या पाडायची धातूची कांडी. तिच्याबद्दल एकच तक्रार सारखी ऐकू येते, ठिणग्या तर ढीगभर पडतात पण आग काही लागत नाही. मग लोक आणखी जाड रॉड घेतात, आणखी जोरात घासतात, आणि शेवटी लायटर काढतात. बहुतेक वेळा रॉडचा काहीच दोष नसतो. क्रम चुकलेला असतो. ठिणगी पाडणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम आहे, आणि नेमकं तेच आपण सगळ्यात आधी करायला बसतो.

एवढं लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. फेरो रॉड म्हणजे सेरियम, लँथॅनम, लोखंड आणि थोडं मॅग्नेशियम असा मिश्रधातू. घासल्यावर त्याचे बारीक कण सुटतात, घासण्याच्या उष्णतेने हवेत स्वतःच पेटतात आणि जवळपास ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. म्हणजे उष्णता भरपूर, पण कण इतका बारीक की सेकंदभरात संपतो. काडेपेटीची काडी तुम्हाला काही सेकंदांची ज्योत देते, फेरो रॉड ज्योत देतच नाही. त्या एका सेकंदात पेट घेईल असं काहीतरी, म्हणजे टिंडर, खाली आधीच तयार पाहिजे.

१. रॉड निवडताना

जाडी आधी बघा. ६ मिमीचे बारीक रॉड किल्ल्यांच्या जुडग्यात छान बसतात पण जोर लावला की मोडतात, कारण हा धातू ठिसूळ असतो, वाकत नाही, सरळ तुटतो. शिकण्यासाठी आणि नेहमीच्या वापरासाठी ८ ते १० मिमी जाड आणि हँडलच्या बाहेर किमान ७-८ सेमी लांब असा रॉड घ्या. लांबी महत्त्वाची आहे, कारण घासण्याचा पट्टा जितका लांब तितके कण जास्त. थंडीत बोटं आखडतात किंवा हातमोजे असतात तेव्हा १२ मिमीचा जाड रॉड पकडायला फार बरा पडतो, फक्त वजन वाढतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मऊ की कडक. मऊ रॉड घासला की मोठे, जड, वितळलेले गोळे पडतात आणि ते जमिनीवर पडूनही क्षणभर जळत राहतात. कडक रॉडमधून बारीक ठिणग्यांचा मोठा फवारा उडतो, दिसायला झकास, पण कण लवकर विझतात. मऊ रॉड लवकर झिजतो, कडक जास्त टिकतो. नवीन माणसाने मऊच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्याच्या गोळ्यांना जरा जाडंभरडं टिंडरसुद्धा चालतं. पाकिटावर लिहिलेल्या इतक्या हजार वेळा चालेल वगैरे आकड्यांकडे लक्ष देऊ नका, तुम्ही किती जोरात आणि कशाने घासता त्यावर ते पूर्ण बदलतं.

सावधान: चांदीसारखा चौकोनी मॅग्नेशियमचा ठोकळा आणि त्याच्या कडेला बसवलेली बारीक काळी पट्टी, असा एक प्रकार मिळतो. ठिणगी फक्त त्या काळ्या पट्टीतून येते. ठोकळा घासून ठिणगी येत नाही, त्याचा फक्त कीस काढून ढीग करायचा असतो आणि मग पट्टीने तो पेटवायचा. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक ठोकळाच खरवडत बसतात.

२. स्क्रॅपर, म्हणजे खरं हत्यार

मला विचाराल तर अर्धं काम स्क्रॅपरचं, म्हणजे ज्या पट्टीने रॉड घासायचा तिचं आहे. रॉडसोबत येणारी पत्र्याची पट्टी बऱ्याचदा छापून कापलेली असते, तिच्या कडा गोलसर असतात, मग ती रॉडवरून घसरते आणि चार ठिणग्या पडतात. स्क्रॅपरला दोन गोष्टी हव्यात, पोलाद रॉडपेक्षा कडक हवं आणि कडा काटकोनात, टोकदार हवी. सुरीची धार नको, काटकोन हवा.

घरच्या घरी करायचा असेल तर तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा ७-८ सेमीचा तुकडा मस्त चालतो. त्याच्यावरचा रंग घासून काढा, मग कानशीने एक लांब कडा सपाट करा, म्हणजे दोन्ही बाजूंचे कोन आपोआप काटकोनात येतात. ग्राइंडरवर करत असाल तर मध्येमध्ये पाण्यात बुडवत राहा, पोलाद निळं पडेपर्यंत तापलं की त्याचा कडकपणा जातो. दातांवर टेप किंवा दोरी गुंडाळायला विसरू नका, नाहीतर बोटं सोलून निघतील.

सुरीची पाठ वापरायची असेल तरी हेच. पुष्कळ सुऱ्यांची पाठ गोल केलेली असते किंवा वर काळा लेप असतो, अशी पाठ चालत नाही. जिथे घासणार तेवढा ४-५ सेमीचा भाग कानशीने काटकोनात आणा. धारेने रॉड कधीच घासू नका, धार तर जातेच आणि हात सटकला की पुढे काय होईल ते सांगायला नको.

तपासा: स्क्रॅपरची कडा वाळक्या लाकडावर उभी धरून ओढा. बारीक कुरळा भुसा निघाला तर कडा चांगली आहे. नुसता चकचकीत पट्टा उमटला तर परत कानस.

३. हँडल, दोरी आणि बाकीचे बदल

हे हौसेचं काम आहे पण त्याने खरंच फरक पडतो, कारण बारीक हँडल ओल्या हातात फिरतं आणि जोर वाया जातो. वाळलेलं कठीण लाकूड घ्या, मुठीत नीट बसेल असं ७-८ सेमी. रॉडच्या जाडीपेक्षा अगदी किंचित मोठं भोक पाडा, २० ते २५ मिमी खोल. रॉडचं आत जाणारं टोक सँडपेपरने हाताने हळूहळू खरखरीत करा, स्पिरिटने पुसा, स्पिरिट पूर्ण उडून जाऊ द्या आणि मग दोन भागांचं इपॉक्सी लावून बसवा. झटपट चिकटणारा सुपरग्लू नको, तो कडक होतो आणि धक्क्याने सुटतो. एक पूर्ण दिवस हात लावू नका.

सावधान: रॉडला ग्राइंडर किंवा ड्रिल लावू नका. त्याचा भुसा म्हणजे पेटायला टपलेल्या ठिणग्याच, साठला आणि एकदम पेटला तर हातातच आग. सँडपेपरचं कामही मोकळ्या जागी करा, आजूबाजूला स्पिरिट, कापूस, रंग काही नको, आणि खाली पडलेला भुसा लगेच गोळा करा. पेटलाच तर वाळू टाका, पाणी नको, जळणाऱ्या धातूवर पाणी टाकल्याने उलट भडका उडू शकतो.

दोरीचं भोक हँडलला पाडायचं, रॉडला कधीच नाही. स्क्रॅपर आणि रॉड एकाच दोरीने बांधायचे असतील तर मधे निदान ३० सेमी अंतर ठेवा, दोरी आखूड असली की पूर्ण लांबीचा स्ट्रोक मारताच येत नाही. दोरी भगवी किंवा लाल घ्या, काळा रॉड पालापाचोळ्यात पडला तर शोधत बसाल. हँडलवर सायकलच्या ट्यूबचा एक-दोन इंचाचा तुकडा चढवून ठेवला तर पकडही येते आणि पावसात तेच रबर कापून जळणाला मदत होते. त्याला थेट ठिणगीने पेटवता येत नाही, आधी ज्योत लागते, पण एकदा पेटलं की ओल्यातही जळत राहतं. धूर मात्र घाण असतो, तोंड लांब ठेवा.

४. नवा रॉड आधी सोलून घ्या

नव्या रॉडवर गंजू नये म्हणून काळा लेप असतो. तो असताना ठिणगी येत नाही आणि लोकांना वाटतं माल खराब निघाला. ज्या बाजूने घासणार त्या बाजूचा लेप स्क्रॅपरने, कमी जोर लावून, ५-१० वेळा ओढून काढा, आतला राखाडी चकचकीत धातू दिसला पाहिजे. बाकीच्या बाजूंचा लेप राहू द्या, तेवढाच तो रॉडचा बचाव करतो.

५. जागा आणि लाकूड, टिंडरच्याही आधी

आग लावायला परवानगी आहे का ते आधी बघा, आणि कोरड्या मोसमात वारा असेल तर सरळ लावूच नका. जागा उघड्या मातीची किंवा खडकाची हवी, चारी बाजूंनी ३ मीटरपर्यंत पाला साफ, वर लोंबणारी फांदी नको. बाजूला पाणी किंवा माती तयार ठेवा.

आता सरपण. तीन ढीग करा: काडेपेटीच्या काडीइतक्या बारीक काटक्या, पेन्सिलइतक्या आणि अंगठ्याइतक्या जाड. सगळ्यात जास्त लागतात त्या सगळ्यात बारीक, आणि त्याच सगळ्यात कमी गोळा केल्या जातात. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाहीत एवढ्या बारीक काटक्या जमवा. जमिनीवर पडलेल्या घेऊ नका, त्या खालून ओल शोषतात, झाडाला अडकून वाळलेल्या किंवा उभ्याच वाळलेल्या झुडपाच्या घ्या.

तपासा: काटकी मोडल्यावर कडकन आवाज आला पाहिजे. वाकली, किंवा मोडताना सालीचे धागे लोंबले, तर ती ओली आहे, बाजूला टाका.

जमिनीत ओल असेल तर काटक्यांची किंवा सालीची छोटी चटई करून त्यावर टिंडर ठेवा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग कोरडा कापूससुद्धा दोन मिनिटांत खालून दमट होतो.

६. टिंडर: सगळा खेळ इथेच

एका सेकंदात जळून जाणाऱ्या कणाने पेट घ्यायचा म्हणजे टिंडरचे तंतू केसाइतके बारीक हवेत, हाडासारखे कोरडे हवेत आणि त्यांच्यामध्ये हवा खेळती हवी. तिन्ही एकाच वेळी. नुसतं वाळलेलं गवत ठिणगीने पेटत नाही कारण पातं जाड असतं, तेच गवत तळहातांमध्ये चोळून चोळून भुगा-तंतू केलं की पेटतं. वस्तू तीच, तयारी वेगळी.

सोबत न्यायचं सगळ्यात खात्रीचं टिंडर म्हणजे कापूस आणि पेट्रोलियम जेली. कापसाच्या बोळ्याच्या बाहेरच्या बाजूला जेली चोळा, आत थोडा भाग कोरडा राहू द्या. पूर्ण भिजवलेला बोळा ठिणगी घेत नाही, ही फार कॉमन चूक आहे. वापरताना बोळा ओढून पसरवा, आतले कोरडे तंतू वर येऊ देत, ते ठिणगी पकडतात आणि जेली ज्योत धरून ठेवते. नीट केलेला एक बोळा काही मिनिटं आरामात जळतो. कापूस खरा हवा, सिंथेटिक असेल तर वितळतो.

सुतळी किंवा ताग घ्यायचा तर पीळ सोडवून, सुरीच्या पाठीने खरवडून अगदी लोकर झाली पाहिजे. नारळाचा काथ्याही चालतो पण त्यातले जाड धागे वेगळे काढून बारीक भुसा मध्ये घ्या. सावरीचा कापूस आणि पाणकणसाचा कापूस ठिणगी झटकन पकडतात पण भुर्रकन जळून संपतात, त्यामुळे त्यांचा पातळ थर वर आणि खाली चोळलेलं गवत किंवा साल असं करा. सालीत तेल असणाऱ्या झाडांची, उदाहरणार्थ बर्चची साल स्क्रॅपरने खरवडून तिचा कीस काढला तर थेट पेटते, पट्टी तशीच ठेवली तर नाही. पाइनच्या बुंध्यात राळ मुरलेलं लाकूड मिळालं तर सोनं समजा, त्याचा स्क्रॅपरने बारीक पीठासारखा कीस काढा, नाण्याएवढा ढीग पुरतो, आणि तो दमट हवेतही पेटतो.

टिंडर किती? मुठीएवढं, आणि तेवढंच आणखी एक राखीव. पहिलं जळून गेलं आणि दुसरं तयार नसेल तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तपासा: टिंडर गालाला लावून बघा. बोटांना कोरडं वाटणारं गालाला गार लागलं तर त्यात ओल आहे. मग शर्टाच्या आत पोटाशी ठेवा किंवा उन्हात पसरवा, पण तसंच पेटवायला जाऊ नका.

सावधान: पेट्रोल ओतून ठिणगी पाडू नका. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि तुम्ही ज्या जागी गुडघे टेकले आहेत तिथपर्यंत भडका येतो. हँड सॅनिटायझर पेटतं खरं, पण दिवसा त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही आणि विझलं समजून आणखी ओतणारे हात भाजून घेतात.

७. ठिणगी पाडणे

आता कुठे रॉड हातात घ्यायचा. वाऱ्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसा, मोकळे केस आणि लोंबणारे कपडे मागे घ्या, सिंथेटिक जॅकेट असेल तर बाही वर करा कारण ठिणगीने त्याला भोक पडतं. पहिल्या काही वेळा चष्मा घालाच.

बहुतेक लोक काय करतात, रॉड स्थिर धरतात आणि स्क्रॅपर जोरात पुढे मारतात, हात टिंडरवर आपटतो आणि एवढ्या मेहनतीने रचलेलं टिंडरचं घरटं विस्कटतं. याच्या उलट करा:

१. रॉडचं टोक टिंडरच्या मधोमध, त्याला अगदी टेकवून ठेवा.
२. स्क्रॅपर रॉडवर हँडलच्या बाजूला ठेवा, रॉडशी साधारण ४५ अंशांचा कोन, घासणारी कडा खाली.
३. स्क्रॅपरचा हात जागेवर घट्ट, मनगट लॉक, हवं तर हात गुडघ्याला टेकवा.
४. रॉड मागे ओढा. म्हणजे हलतो तो रॉड, तोही टिंडरपासून लांब, आणि ठिणग्या मात्र तिथेच पडतात.

वेगाचा मोह टाळा. जोर जास्त, वेग कमी, आणि रॉडची पूर्ण लांबी वापरा. हळू आणि दाबून ओढलं की जाड कण सुटतात, ते जास्त वेळ जळतात. भराभर घासलं की बारीक फवारा उडतो, फोटोत छान येतो, कामाचा कमी.

जागा अडचणीची असेल किंवा हात थरथरत असेल तर रॉडचं टोक टिंडरमधून आरपार खाली लाकडाच्या तुकड्यावर टेकवा आणि स्क्रॅपर हळू खाली ढकला, टोकाच्या अलीकडेच थांबवा. यात ताकद जास्त लागते पण नेम चुकत नाही.

टिंडर जरा कमजोर असेल तर एक युक्ती फार उपयोगी पडते. आधी रॉड अगदी हळूहळू, पेटणार नाही अशा बेताने खरवडून त्याचा थोडा कीस टिंडरवर पाडा, वारा नको, आणि मग एक दणदणीत स्ट्रोक. तो कीस पेटला की क्षणाऐवजी दोन-तीन क्षण उष्णता मिळते. मऊ रॉडवर हे सहज जमतं.

आणि दर थोड्या स्ट्रोकनंतर रॉड किंचित फिरवत जा. एकाच जागी घासून मध्ये खाच पडली की रॉड तिथूनच तुटतो.

थांबा: ६-७ चांगले स्ट्रोक मारूनही काही झालं नाही तर घासत राहू नका. ठिणग्याच कमी असतील तर स्क्रॅपरची कडा बघा, लेप पूर्ण निघाला का बघा. ठिणग्या भरपूर असून टिंडरवर नुसते काळे ठिपके पडत असतील तर टिंडर जाड किंवा दमट आहे. ज्योत येऊन लगेच जात असेल तर टिंडर कमी आहे किंवा फार दाबून भरलंय. तीनही वेळा उपाय वेगळा आहे, जोर वाढवणं हा यातल्या एकाचाही नाही.

८. ज्योत आली, आता घाई नको

टिंडर पेटल्यावर पहिली अर्धी मिनिटं फार नाजूक असतात. लगेच फुंकर मारू नका, ज्योत उभी राहिली असेल तर फुंकर तिला विझवते, ती फक्त धुमसणाऱ्या निखाऱ्यासाठी. सगळ्यात बारीक काटक्यांची सैल जुडी ज्योतीच्या वर, अगदी जवळ पण दाबून नाही अशी धरा. ज्योत वर चढते, म्हणून काटक्या वर हव्यात, बाजूला नकोत. त्या तडतडायला लागल्या की आणखी तेवढ्याच घाला, आणि ज्योत काटक्यांच्या ढिगातून स्वतः वर निघाली की मगच पेन्सिलजाड. अंगठ्याइतकी लाकडं टाकायची घाई हे पेटलेली आग विझण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

पावसाळी हवेत काटक्या बाहेरून ओल्या असणारच. मनगटाइतकं जाड वाळलेलं लाकूड उभं चिरा, आतला गाभा बहुतेक कोरडा असतो. त्याच्या फाकीवर सुरीने पातळ, कुरळे, फाकीला लटकत राहतील असे काप काढा, पिसांसारखे. अशा ४-५ फाकी म्हणजे ओल्या दिवसातल्या बारीक काटक्याच.

९. विझवणे

पाणी टाका, काठीने ढवळा, परत पाणी टाका. हिसहिस थांबली म्हणजे विझली असं नाही. हाताची मागची बाजू राखेच्या अगदी वर धरून बघा, ऊब लागली तर पुन्हा पाणी. नुसती माती टाकून निघून जाऊ नका, खाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो आणि मुळं धरून धुमसत जातो.

१०. रॉड सांभाळणे

फेरो रॉड ओला झाला तरी पुसून लगेच चालतो, पण ओलाच ठेवून दिला तर गंजतो, वर पांढरट-राखाडी भुकटी येते आणि आतून पोखरतो. समुद्राचं पाणी आणि घाम सगळ्यात वाईट. वापरून झालं की कोरडा करा, बरेच दिवस ठेवायचा असेल तर पातळ मेण किंवा नेलपॉलिशचा एक हात द्या, पुढच्या वेळी दोन स्ट्रोकमध्ये तो निघून जातो. रॉड हँडलमध्ये शिरतो त्या सांध्यावर आवर्जून लावा, ओल तिथेच अडकते आणि रॉड बहुतेक तिथेच मोडतो. ओल्या चामड्याच्या म्यानात ठेवू नका. मॅग्नेशियमच्या ठोकळ्याला चिकटलेली पट्टी तर आणखी लवकर खराब होते, दोन वेगळे धातू आणि मधे ओल म्हणजे गंज वेगाने पसरतो.

मोडलाच तर तुकडा फेकू नका. ३ सेमीचा तुकडाही नव्या भोकात इपॉक्सीने बसवता येतो, आणि त्याहून छोटे तुकडे कोरड्या डबीत टिंडरसोबत ठेवले तर खरवडून कीस काढायला कामाला येतात.